बुधवारची वही

"तू कुठं उठलीस? बस खाली. नाहीतर मागं जा, कप धुवायचे राहिलेत."

भर चर्चमधी. रविवारची उपासना. बाकं गच्च भरल्याली, म्होरं पाळकसाहेब पांढरा झगा घालून उभं, आन् सेक्रेटरीसाहेब माईकच्या शेजारी. माईकमधनं म्हटलं न्हाय त्यांनी. पण माईक चालू हुता. सगळ्यास्नी ऐकाय गेलं. म्होरल्या बाकावरनं कोण तरी हसलं. बाईमाणूस हसलं.

मी काखंला दहा म्हैन्याची पोरगी घिऊन उभी. अंगावर लग्नातली हिरवी साडी, ती बी आदल्या दिवशी शेजारणीकडनं इस्त्री करून घेतल्याली. पोरीच्या पायात नवं मोजं. बसू का जाऊ, कायबी कळंना. पोरगी माझं मंगळसूत्र वडत हुती.

मी का उठलो ते सांगतो. आमच्याकडं मंडळीचा, म्हंजे चर्चचा, कारभार बघणाऱ्यास्नी वडील म्हणत्यात. बाई असली तरी वडीलच. त्या रविवारी नव्या वडिलांवर हात ठेवायचं हुतं. पाळकसाहेब डोक्यावर हात ठिवत्यात, प्रार्थना करत्यात, आन् त्या दिवसापासनं ते माणूस मंडळीचं पुढारी. पाळकसाहेब म्हणालं, "वस्तीतल्या प्रार्थनागटाचं तीन वर्षं पुढारपण केलेल्या आपल्या भगिनी," आन् मी उठलो. नाव यायच्या आदी उठलो. वस्तीतला गट मी चालवतोय. तीन वर्सं. दर बुधवारी. मग दुसरं कोण उठणार?

दुसरं उठलं. म्होरल्या बाकावरनं, मला वाचाय शिकवलं त्या बाईंची सून उठली. सिल्कची साडी, खांद्यावर पिन लावल्याली, हातात पांढरा रुमाल. नाव तिचं घेतलं.

मी मागं गेलो. कप धुतलं. ते बी सांगतो, कारण त्या दिवशी मी बंडबिंड कायबी केलं न्हाय. पोरगीला पोत्यावर बसवली आन् कप धुतलं.

आमच्याकडं बाया बी मी आलो, मी गेलो असंच म्हणत्यात. कोल्हापुरात समदीकडंच. बाई मला लई सुधारायच्या, "मी आले म्हणावं बाईनं, मी आलो नाही." त्यांच्या म्होरं मी म्हणायचो बी तसं. आता न्हाय म्हणत. जशी बोलतो तशी सांगतो.

बाई म्हंजे आमच्या मंडळीतल्या रिटायर टीचर. चर्चच्या आवारात बंगला हाय त्यांचा. ज्यांच्या पणज्यास्नी गोऱ्या मिशनरीनं शाळा शिकवली ती सगळी त्या आवारात ऱ्हात्यात, त्यास्नी आमी बंगल्यातली म्हणतो. ज्यांच्या बापांनी दोर वळलं, झाडू बांधलं, ती आमी वस्तीतली. कारखान्यांच्या मागं, नाल्याच्या कडंला. देव एक. बाकं दोन.

प्रभुभोजनाचं, म्हंजे येशूच्या आठवणीत समदी रस पित्यात त्याचं, कप बारकं काचंचं असत्यात, आंगठ्याएवढं. त्यातला रस काळ्या मनुका उकळून करत्यात. तो बंगल्यातल्या बायांच्या घरात हुतो. आमच्या हातचा चालत न्हाय असं कुणी म्हणत न्हाय. नुसतं कुणी सांगत न्हाय. धुवायला मातूर वस्तीतल्या बाया. लग्न हून आल्यापासनं मीच धुतोय. आन् रस प्यायची पाळी आमची शेवटाला. मला वाटायचं आमी मागल्या बाकावर बसतो म्हणून शेवटाला. लई वर्सं मला तसंच वाटत हुतं.

माझं माहेर जयसिंगपूरच्या अलीकडं. आठवीपातूर सरकारी शाळंनं मला ढकलत आणली, तितनं म्होरं आई आजारी पडली आन् सुटलं. खरं सांगायचं तर आठवीत बी मला धड वाचाय येत न्हवतं. पण गावात रविवारची शाळा हुती, तिथं बायबलातली वचनं म्हणून घ्यायची. ऐकलं की मला पाठ. सगळं तोंडात. डोळ्यात कायबी न्हाय.

लग्न हून वरीस बी झालं न्हवतं तवाची गोष्ट. आमच्या शेजारी पारूआत्या ऱ्हाती. तिची सून काविळीनं गेली. बावीस वर्साची पोर. आमी तिला कबरस्थानात न्हेली, भर उन्हाचं. प्रार्थना झाल्याबिगर माती टाकायची न्हाय, ही आमच्यात रीत. पाळकसाहेबांचा फोन, कमिटीची मिटिंग चाललीया, तासात येतो. तास गेला. आनीक एक गेला. खड्डा काढणारी माणसं म्हणाय लागली, आमास्नी दुसरी कामं हायती. पेटीवर माशा बसाय लागल्या. पारूआत्या पदरानं माशा हाकत हुती. हाकता हाकता तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुझ्या तोंडात वचनं हायती. तू म्हण."

"मी? मी कोण आत्या? बाईमाणसानं हितं..."

"माझी पोर उन्हात पडलीया. म्हण."

काय म्हटलं ते मला आठवत न्हाय. गुडघं लटालटा कापत हुतं तेवढं आठवतंय. तोंड उघडलं आन् आवाज असा आला की मीच दचकलो. लई मोठा. माझा असा आवाज मी कवा ऐकला न्हवता. गडीमाणसांनी टोप्या काढल्या. वचन संपलं तवा पारूआत्यानं मूठभर माती टाकली आन् म्हणाली, "झालं. आता पोर माझी बरी गेली."

पाळकसाहेब आलं तवा आमी हातपाय धुवत हुतो.

दुसऱ्या दिवशी मी भ्यालो. वाटलं पाप केलं. बाईंच्या मागल्या दारात गेलो आन् रडाय लागलो, म्हटलं बाई असं असं झालं, मला काय तरी हून ऱ्हायलंय, रात न् दीस छातीत धडधडतंय, कोण तरी हाक मारतंय असं वाटतंय, मी काय करू. बाईंनी मला जवळ घेतलं. माझं डोकं त्यांच्या छातीला लावलं. आईनं बी मला तसं कवा घेतलं न्हवतं. त्यांच्या डोळ्यात पाणी.

"बाळा, हे पाचारण आहे. देव सगळ्यांना नाही बोलवत. तुला बोलावलंय."

पाचारण. त्या दिवशी मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. वाटंनं घरी येस्तवर म्हणत आलो, इसरू नये म्हणून.

तितनं म्होरं दर मंगळवारी बाईंच्या सैपाकघराच्या मागल्या पायरीवर मी बसायचो आन् बाई मला वाचाय शिकवायच्या. मोठ्या अक्षराचं शास्त्र, म्हंजे बायबल, दिलं त्यांनी मला. बोट ठिवून, एकेक अक्षर. सहा म्हैन्यात मला वाचाय आलं. पहिल्यांदा एक गोष्ट मी आपलीआपण वाचली, ती हिरीवर पाणी भराय आलेल्या बाईची. वाईट चालीची म्हणून गाव जिला टाळायचं, तीच घागर टाकून गावात पळाली आन् येशू भेटला म्हणून समद्यास्नी सांगत सुटली. मी वाचून झाल्यावर बाईंस्नी इचारलं, बाई, हिच्यावर कुणी हात ठिवला हुता का? बाई हसल्या. म्हणाल्या, "तू फार प्रश्न विचारतेस."

बुधवारचा गट मी चालू केला. पारूआत्याच्या खोलीत, चार वाजता, नळाला पाणी यिऊन गेलं की. पहिल्या बुधवारी पाचजणी. हळूहळू चौदा घरं झाली. कुणाचा नवरा मारायचा, कुणाचं पोर जगत न्हवतं, कुणाला नुसतं बसायचं असायचं. मी वाचायचो, सांगायचो, प्रार्थना करायचो. पोटात पोरगी हुती तवा बी. बाळंत झालो तवा एकच बुधवार चुकला, बाया माझ्या खाटंभवती यिऊन बसल्या, म्हंजे तो बी चुकला न्हाय.

बाई म्हणाल्या, वही ठेवायला पाहिजे. कमिटीचा नियम आहे, वडील व्हायचं तर तीन वर्षं एका गटाचं पुढारपण केल्याची वही दाखवावी लागते. मला म्हणाल्या, "मला तुला तिथं उभी करायचीय. पहिली वस्तीतली बाई." मी म्हटलं, बाई, माझं अक्षर लई वंगाळ हाय. त्या म्हणाल्या, "मी लिहीन. तू नुसतं सांग."

असं चाललं. मंगळवारी मी मागल्या पायरीवर बसून सांगायचो, कोण कोण आलतं, कुठलं वचन घेतलं, कुणासाठी प्रार्थना केली. बाई लिवायच्या. वही मीच न्यायची आन् आणायची, पावसात भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत घालून. शास्त्राच्या खाली ठिवायचो. मला छापील अक्षर येतं. हातानं लिवल्यालं येत न्हाय. बाईंचं अक्षर तर पळतं, एकातनं दुसरं, वर रेघ बी न्हाय. उघडून बघायचो कवा कवा. चांगलं दिसायचं. निळ्या शाईतलं, सरळ वळीत. माझं काम असं सुंदर दिसतंय म्हणून बरं वाटायचं.

तर त्या रविवारी कप धुवून झालं. वही कमिटीला दाखवाय न्हेल्याली, ती पाळकसाहेबांच्या खोलीत टेबलावर पडल्याली, कपांच्या ताटाशेजारी. रीतीपरमाणं मी उचलली, पिशवीत घातली, घरी आलो. नवरा जेवत हुता. तो मंडळीच्या शाळंत शिपाई हाय, धावी पास. मी वही त्याच्या म्होरं ठिवली.

"वाचा."

"जेवू दे की."

"वाचा म्हणतो न्हवं."

त्यानं डाव्या हातानं उघडली. "तारीख. वार बुधवार. वचन..." आन् थांबला.

"फुडं."

"पुढारी." घास गिळला. बाईंच्या सुनंचं नाव घेतलं.

"दुसरं पान काढा."

तेच नाव. तिसरं काढा म्हटलं, तेच. मदलं काढा, पहिलं काढा. वहीचं पहिलं पान, पहिला बुधवार, पाचजणी आल्या हुत्या त्यो. तिथं बी तेच नाव. बाईंचं हसरं तोंड माझ्या डोळ्यांम्होरं, मी पायरीवर बसून सांगतोय, त्या मान हलवत लिवत्यात, मदीच म्हणत्यात, "छान, पुढं?"

"मग मी कुठं हाय ह्यात?"

नवऱ्यानं बोट पानाच्या तळाला न्हेलं. तिथं आल्याल्या बायांची यादी हुती. सगळ्यात शेवटाला माझं नाव. म्होरं लिवलंतं, हजर. पोरगी झाल्याच्या म्होरल्या पानांवर, हजर, बाळासह.

तीन वर्सं मी हजर हुतो.

मग माझ्या ध्यानात आलं. त्यानं बोट शोधलं न्हाय. सरळ तिथंच न्हेलं.

"तुमास्नी कवापासनं ठावं हाय?"

त्यानं ताटातली भाकरी मोडली.

"कवापासनं?"

"नाताळापासनं. तू कंदील लावत हुतीस, वही पडली पिशवीतनं, मी उचलली."

"आन् गप बसलासा."

"मग काय करू? शाळंचा चेरमन कोण हाय? बाईंचा ल्योक. मी परमनंट व्हायचोय अजून. तू तिकडं वडील हून मिरवशील, हिकडं खायचं काय? आन् पोरीचा बाप्तिस्मा हाय, ते करणार का आपला?" मग आवाज खाली करून म्हणाला, "मला वाटलं तुला कळायचंच न्हाय."

ह्या वाक्यानं मी जेवडी मेलो तेवडी चर्चमधी मेलो न्हवतो.

त्या राती मला गगनबावड्याचं शिबिर आठवलं. भगिनींचं शिबिर हुतं गेल्या हिवाळ्यात, आमी वस्तीतल्या तिघी भाकऱ्या थापाय गेलतो. पडद्यापलीकडं बाईंची सून बोलत हुती. भर उन्हात पडल्याली पेटी, माशा, पदर, माती. रडत सांगत हुती. सगळ्या बाया रडत हुत्या. मी पिठाच्या हातानं पडद्याला कान लावून उभी. मला वाटलं माझी साक्ष सांगतीया, आता शेवटाला माझं नाव घेईल. तवर भाकरी करपली. सैपाकघरातनं हाक आली म्हणून मी गेलो. मला वाटलं नाव घेतलं आसंल, मीच ऐकलं न्हाय.

मंगळवारी गेलो. मागल्या पायरीवरच गेलो, दुसरी वाट मला ठावं न्हवती.

"सलाम बाई."

"ये. बाळाला आणलंस, बरं केलंस. रविवारी तू उठलीस ना, फार वाईट वाटलं गं मला. आधी सांगायला हवं होतं."

"वही मी वाचून घेतली बाई."

त्या पोरीचं टोपरं सारखं करत हुत्या. हात थांबला. मग परत सारखं करू लागल्या.

"अगं, ती कागदावरची गोष्ट आहे. तू आठवी. कमिटी आठवी झालेल्या बाईला वडील करते का? मी तुझं नाव लिहिलं असतं तर गटच गेला असता. तिला इंग्रजी येतं, सभांना जाता येतं, चार मोठ्या माणसांत बोलता येतं. काम तुझंच आहे. देव बघतो ना. नाव कुणाचं का असेना."

"मग तुमच्या सुनंचं बी लिवायचं न्हवतं."

"उद्धटपणा नको. सेवा नम्रतेनं करायची असते, मी तुला हेच शिकवलं ना?"

लई कायकाय म्हणायचं हुतं. वाटंनं येताना सगळं जुळवलंतं. सगळं पळालं. एवढंच म्हटलं, "मग मला वाचाय कशापायी शिकवलंसा?"

बाईंनी खरं सांगितलं. ते त्यांचं मी मानतो.

"वस्ती सांभाळायला कुणीतरी वस्तीतलंच हवं ना गं. आमचं तिथं कोण ऐकणार."

मग म्हणाल्या, "वही परत आण हं. वार्षिक सभेत लागते. आणि उद्या ती येईल तुमच्याकडं, पाळकसाहेबांना घेऊन. नीट बसवा तिला."

"व्हय बाई," मी म्हटलं.

व्हय बाई. भ्यानं तोंडातनं तेच आलं. वाटंनं सगळ्या रस्त्यानं मी मला शिव्या देत आलो. पोरगी काखंला झोपलीती. तिच्या वजनानं हात भरून आला तरी मी बदलला न्हाय.

पारूआत्याला सांगितलं. तिला एकटीलाच. ती सूप पाखडत हुती. पाखडता पाखडता ऐकून घेतलं. नुसतं म्हणाली, "उद्या चार वाजता न्हवं?"

बुधवारी गाडी बोळात शिरंना म्हणून दोघं चालत आलं. बाईंच्या सुनंनं साडी वर धरल्याली. पाळकसाहेब म्होरं. खोलीत आमी सतराजणी, पत्र्याखाली, घामानं भिजल्याल्या. मी दारात बसलो, पोरगी मांडीवर. माझ्या जागंवर तिला बसवली. मीच बसवली. सतरंजी झटकून.

"प्रेज द लॉर्ड, भगिनींनो," ती म्हणाली. आवाज गोड हाय तिचा. मनानं वाईट न्हाय ती, एवढं मला वाटतं. तिनं कवा इचारलंच न्हाय, एवढंच.

पारूआत्या खांबाला टेकून बसलीती. म्हणाली, "तीन वर्सं आमच्यात येतीयास म्हणं बाय."

"देवाची कृपा, आजी."

"मग माझं नाव काय सांग बगू."

ती हसली. पाळकसाहेबांकडं बघितलं.

"बरं, माझं ऱ्हाऊ दे. म्हातारीचं कोण ध्यानात ठेवतंय. माझ्या सुनंचं सांग. तिच्या मातीची गोष्ट तू गगनबावड्याला सांगितलीस म्हणं. रडलीस बी म्हणं. तिचं नाव काय हुतं?"

बाईंच्या सुनंचं तोंड लाल झालं. हातातला रुमाल नुसता चुरगाळाय लागली. कोपऱ्यातनं एकजण म्हणाली, "आत्याचं तरी यादीत बघ की बाय, वहीत लिवलं आसंल." दोघीतिघी पदरात हसल्या. आत्यानं सगळ्यास्नी सांगितलंतं तर.

पाळकसाहेब म्हणालं, "आपण प्रार्थना करू या. सर्वांनी डोळे मिटावेत."

आमच्यात हे असंच हाय. बोलणं नगंसं झालं की प्रार्थना. डोळं मिटलं की तोंड बी मिटतं, आन् आमीन झालं की इषय संपला. सगळ्यांनी मिटलं. पारूआत्यानं बी मिटलं, सवयच हाय. माझं बी मिटत आलतं. पोरीनं माझ्या नाकाला हात घातला आन् मी उघडलं.

पाळकसाहेबांचं डोळं उघडंच हुतं.

तोंडानं प्रार्थना चाललीती, हे स्वर्गीय बापा, ह्या भोळ्या लेकरांवर कृपा कर, आन् डोळं माझ्यावर. सरळ माझ्यावर. त्या सगळ्या मिटल्याल्या बायांच्या मधी आमी दोघंच एकमेकाकडं बघत. त्या नजरंत सगळं हुतं. त्यास्नी ठावं हुतं. वहीत काय हाय, कुणी लिवलंय, सगळं पहिल्यापासनं ठावं हुतं. कबरस्थानात तासाचं दोन तास ज्यांनी केलं ते हेच, आन् त्या दिवशी कुणी तोंड उघडलं ते त्यास्नीच सगळ्यात चांगलं ठावं.

मला भ्या वाटत हुतं. आता बी वाटतंय. पण त्या वक्ताला भ्याच्या खालनं तो आवाज आला. कबरस्थानातला.

"पाळकसाहेब, थांबा."

थांबलं.

"ह्या खोलीत बुधवारी डोळं मिटा म्हणून मी सांगतो. तुमी पावणं हाईसा. बसा, च्या घ्या. ऐकायचं तर ऐका."

एकेकीचं डोळं उघडलं. पाळकसाहेब लई शांत बोललं. "पुढच्या रविवारी तुझ्या मुलीचा बाप्तिस्मा आहे. लक्षात आहे ना?"

"हाय."

"आणि नवरा आपल्या शाळेत आहे."

"ते बी ध्यानात हाय."

"मग कमिटीपुढं काय सांगू मी?"

"ह्या बाईस्नी माझ्या जागंवरनं उठवलं असं सांगा. आन् बाया माझंच आयकत्यात म्हणून सांगा."

बाईंची सून आपणहून उठली. उठताना हळूच म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं." मी म्हटलं, "आता हाय न्हवं." ती साडी वर धरून बोळातनं गेली.

मी माझ्या जागंवर जाऊन बसलो. शास्त्र उघडताना पान फाटलं थोडं. पारूआत्याला म्हटलं, आत्या, तू सांग तिचं नाव.

"सुमन," ती म्हणाली.

आमी सगळ्यांनी म्हटलं. सुमन. मग मी वाचाय घेतलं.

त्याला आता तीन आठवडं झालं. पोरीचा बाप्तिस्मा झाला न्हाय. चिठ्ठी आली, काही कारणास्तव पुढे ढकलण्यात येत आहे. छापील हुती, मी वाचली. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतोय. शाळंत त्याला अजून कुणी कायबी म्हटलं न्हाय, पण रोज घरी आला की मी आदी त्याच्या तोंडाकडं बघतो. बायांतल्या दोघी यायच्या बंद झाल्या. त्यांच्या नवऱ्यांनी सांगितलंय. पंधराजणी येत्यात.

बाईंच्या मागल्या पायरीवर मी गेलो न्हाय. त्यांनी जवळ घेतलं हुतं, त्यांच्या लुगड्याला साबणाचा वास हुता, ते मला रोज आठवतंय. ते खरं हुतं का खोटं, मला अजून कळत न्हाय. ते मी कुणाला इचारू.

नवी वही आणलीया. आता मीच लिवतो. छापल्यागत अक्षर काढतो, एकेक सुटं, वर पट्टी ठिवून रेघ. एका पानाला तास लागतो. पुढारी म्हणून असतंय तिथं माझं नाव लिवतो. पहिल्यांदा लिवलं तवा रेघ वाकडी गेली, खोडलं न्हाय. धावीला बाहेरनं बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय. मंडळीच्या शाळंत भरणार न्हाय, दुसरीकडं भरणार.

जुनी वही माझ्याकडं हाय. दोन बारीला माणूस मागाय आला. एकदा सेक्रेटरीसाहेब आपणहून आलं, दारात उभं, म्हणालं, "ती मंडळीची मालमत्ता आहे." मी म्हटलं, दिली असती, पण तिच्यात बाया माझ्या हायती. दिली न्हाय. देणार न्हाय.

वार्षिक सभा म्हैन्यानं हाय. मंडळीतल्या कुणालाबी सभेत बोलायचा हक्क हाय, नियमाच्या पुस्तकात हाय, मी बोट ठिवून वाचलाय. दोन्ही वह्या घिऊन जाणार. म्होरल्या दारानं जाणार, पोरगी काखंला घिऊन. कुणाचं कप धुणार न्हाय. पहिल्या बुधवारापासनं शेवटच्या बुधवारापातूर एकेक पान उघडून इचारणार, ह्या दिवशी पुढारी कोण हुतं. कमिटीनं वाचून सांगायचं, मोठ्यानं, माईकमधनं.

गुडघं कापतील. मला ठावं हाय, कापतीलच. ह्या बारीला बस खाली म्हटलं तरी मी बसणार न्हाय.